कोणतं तेल यावर वाद, किती तेल यावर मौन

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी कार्यालयांना आणि संस्थांना एक सूचना केली. उपाहारगृहांत, बैठकीच्या खोल्यांत, येण्याजाण्याच्या जागी फलक लावा आणि नेहमीच्या पदार्थांत तेल किती, साखर किती हे लोकांना दिसू द्या. नागपूरच्या एम्सचं नाव त्यात आलं आणि बघता बघता बातमी अशी झाली की समोसा, जिलबी आणि वडापाववर आता सिगारेटसारखा इशारा येणार. एकीकडून आरोळी उठली, आमच्या वडापाववर घाला. दुसरीकडून सवाल आला, पिझ्झा-बर्गर दिसत नाहीत का? तिसरा पक्ष म्हणाला की खरं विष रिफाइंड तेलात आहे, घाण्याचं तेल खा आणि हवं तेवढं तळा. फेरीवाल्यांच्या पदार्थांवर कसलाही इशारा नाही, असा खुलासा मंत्रालयाने केला, तोवर सगळ्यांचं बोलून झालं होतं. त्याच वर्षी जानेवारीत देहरादूनला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या उद्घाटनात आणि नंतर फेब्रुवारीत 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी स्वयंपाकातलं तेल दहा टक्क्यांनी कमी करण्याचं आवाहन केलं होतं. त्यावरही जी चर्चा झाली ती आवाहन कोणी केलं याची. दहा टक्के म्हणजे आपल्या घरात किती चमचे, हा हिशोब कितीजणांनी केला?

मी तो इथे करतो. चार प्रौढ माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल जातं असं धरू. दिवसाला साधारण १६७ मिलिलिटर झालं. त्याचे दहा टक्के म्हणजे सगळ्या घराचे मिळून दिवसाला तीन छोटे चमचे आणि वर थोडं. एवढ्याशा गोष्टीसाठी अस्मिता पणाला लागते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. घरात महिन्याला किती तेल लागतं हे मोजणं आणि ते ठरवून कमी करणं, ही तब्येत आणि पैसा दोन्ही वाचवणारी आपल्या हातातली सर्वांत सोपी सवय आहे, असं माझं मत आहे. आणि तेलाच्या जातीवरून चाललेला वाद बहुतेक घरांत हा प्रमाणाचा प्रश्न टाळायच्या उपयोगी पडतो आहे.

आकडे लपलेले नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यांतल्या दोन हजार कॅलरींच्या ताटात वरून घालायचं तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आहे. म्हणजे दिवसाला माणशी सहा छोटे चमचे, आणि त्यात फोडणी, पोळीला लावायचं तेल, भातावरचं तूप सगळं आलं. चौघांचं महिन्याचं गणित सव्वातीन किलोच्या, म्हणजे साधारण साडेतीन लिटरच्या आसपास बसतं. देशाची सरासरी मात्र आज वर्षाला माणशी १९ किलोंच्या पुढे गेली आहे. दिवसाला बावन्न ग्रॅम, सुचवलेल्याच्या जवळजवळ दुप्पट. १९५० च्या दशकात हीच सरासरी वर्षाला तीन किलोंच्या घरात होती. या काळात आपल्या जिभेचे संस्कार बदलले, हे खरं. पण तेल स्वस्त आणि मुबलक झालं, हे त्याहून मोठं कारण आहे. १९८६ च्या तेलबिया मोहिमेनंतर काही वर्षं देश जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. १९९४ नंतर पामतेलाची आयात खुली होत गेली आणि पळीला धरबंध राहिला नाही. आता गरजेच्या निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं, वर्षाला सुमारे १६० लाख टन, आणि त्यासाठी एक लाख कोटी रुपयांहून अधिक मोजावे लागतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीत देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला. उच्च रक्तदाब साडेपस्तीस टक्के प्रौढांत आढळला. याला एकटं तेल कारणीभूत आहे असं मी म्हणत नाही. मीठ, साखर, बैठं काम, झोप, तंबाखू, सगळं आहे. पण वाणसामानाच्या यादीत सरळ मोजता येणारी आणि कमी केल्यावर लगेच पैसे वाचवणारी वस्तू त्यात तेलच आहे.

'कोणतं तेल' म्हणणाऱ्यांचा मुद्दा मात्र पोकळ नाही, आणि त्याचा सर्वांत भक्कम पुरावा मॉरिशसचा आहे, जिथे मराठी बोलणारा समाज दीडशेहून अधिक वर्षं नांदतो आहे. तिथल्या सरकारने १९८७ मध्ये रेशनवरच्या तेलाची घडण बदलली. बहुतांश पामतेल असायचं, त्या जागी सोयाबीनचं आणलं. पाच वर्षांत लोकांच्या रक्तातल्या कोलेस्टेरॉलची सरासरी लिटरला ५.५ मिलिमोलवरून ४.७ वर आली. त्याच काळात तिथे आरोग्याचं प्रबोधनही चालू होतं, तरी या घसरणीत तेलबदलाचा वाटा लक्षणीय होता. तेव्हा तेलाची जात महत्त्वाची नाही असं म्हणणं अडाणीपणाचं होईल. पण त्याच पाहणीत पुढे काय दिसलं, हे कमी सांगितलं जातं: त्या पाच वर्षांत वजन जास्त असलेल्यांचं प्रमाण वाढलं आणि मधुमेहाच्या चित्रात फारसा फरक पडला नाही. तेल बदलल्याने एक धोका कमी झाला. किती खातो याने येणारा धोका होता तिथेच राहिला. शेंगदाण्याचं असो, करडईचं असो, खोबरेल असो की साजूक तूप, ग्रॅमला नऊ कॅलरी या हिशोबात उन्नीस-बीसच असतात. घाण्याच्या तेलात शेंगेचा वास राहतो, थोडी जीवनसत्त्वंही जास्त राहतात; पण 'चांगलं तेल आहे' म्हणून पळी भरून घातलं की तो सगळा फायदा तिथेच संपला.

खरं तर घाण्याच्या तेलाचा आग्रह धरणाऱ्यांनीच प्रमाणाचा झेंडा हाती घ्यायला हवा. एक लिटर शेंगदाणा तेलाला अडीच किलोंच्या आसपास शेंगदाणे लागतात. घाणा पेंडीत थोडं तेल मागे ठेवतो, त्यामुळे ते स्वस्त मिळणं शक्यच नाही आणि फार स्वस्त मिळालं तर विकणाऱ्याला दोन प्रश्न जरूर विचारावेत. साधं सोयाबीन तेल लिटरला दीडशे रुपये आणि घाण्याचं तीनशे धरलं, तर पाच लिटर साध्या तेलाला साडेसातशे लागतात. तेच घर साडेतीन लिटरवर आलं, तर एक लिटर घाण्याचं आणि अडीच लिटर साधं घेऊनही पावणेसातशेत भागतं. घाण्याचं तेल कच्चं खायला ठेवावं. भाकरीसोबत लसणाच्या चटणीवर, मेतकुटावर, कारळ्याच्या चटणीत. वास तिथेच कळतो. तापलेल्या कढईत तो उडूनच जातो. सोलापूर आणि मराठवाड्यात करडई घरोघर असायची, विदर्भात जवस. करडईचं क्षेत्र गेल्या काही दशकांत आटून गेलं, त्याचं दुःख मलाही आहे. पण हे तेल परत यायला हवं असेल, तर महाग तेल कमी खाणारी गिऱ्हाइकं लागतील. स्वस्त तेल भरपूर खाणाऱ्या घरातून करडईला मागणी कशी येणार?

आता कढईजवळ जाऊ. पाच लिटरचा कॅन कलंडून आपण तेल चोचीच्या भांड्यात काढतो आणि त्या भांड्यातून थेट कढईत धार धरतो. धार क्षणभर जास्त राहिली की दोन चमचे वाढले. डोळ्याला ते कळत नाही, कारण तापलेल्या कढईत तेल पसरतं आणि कमीच वाटतं. मोहरी तडतडायला किती तेल लागतं? लोखंडी पळीत एक चमचा पुरतो, पळी तिरकी धरली की मोहरी त्यात बुडते. हिंग-हळद करपू नये म्हणून आणखी अर्धा. चौघांच्या वरणाची फोडणी एवढ्यात होते. मग बाकीचं जातं कुठे? कांदा-खोबऱ्याचं वाटण 'तेल सुटेपर्यंत' परतण्यात, रश्श्यावर तवंग दिसावा या हट्टात, वांग्याच्या फोडी तेल पितात म्हणून वरून ओतण्यात. वाटणासाठी कांदा आणि खोबरं कोरडंच भाजून घेतलं, तर परतताना निम्मं तेल लागतं आणि खमंगपणा तेवढाच येतो. पालेभाजी, कोबी, घेवडा कढईवर ताट झाकून, त्या ताटात पाणी ठेवून वाफेवर शिजवायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. आतली वाफ थंड ताटाला लागून परत भाजीत उतरते, भाजी खाली लागत नाही, आणि ताटातलं गरम झालेलं पाणी रश्श्याला उपयोगी पडतं. भाजी लागू नये म्हणून आपण जे तेल ओततो, त्याचं काम इथे पाणी करतं. पानगी, उकड, शेंगोळे, वरणफळं, उकडीचे मोदक, भाजलेला पापड हे कुणा आहारतज्ज्ञाने आणलेले पदार्थ नाहीत. कोथिंबीरवडी आणि अळूवडी तर आधी उकडूनच घेतात. तळणं ही शेवटची पायरी आहे आणि ती तव्यावर थोड्या तेलात परतूनही होते.

हे वाचून कुणी म्हणेल, म्हणजे जुनं ते सोनं. मला तसं अजिबात म्हणायचं नाही. पन्नाशीच्या दशकात लोक तीन किलो तेल खात होते ते शहाणपणामुळे नव्हे, परवडत नव्हतं म्हणून. स्वातंत्र्याच्या सुमाराला या देशातलं सरासरी आयुर्मान जेमतेम बत्तीस वर्षांचं होतं. कमी तेलात चवीचं कसं करायचं, एवढंच त्या स्वयंपाकाकडून घ्यावं. त्यांची उपासमार घेऊ नये.

याच ठिकाणी विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा उभा राहतो. सरासरी फसवी असते. ज्या देशात चारातल्या एका प्रौढ स्त्रीचं वजन प्रमाणाबाहेर आहे, त्याच देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालची साडेपस्तीस टक्के मुलं खुंटलेली आहेत, आणि महाराष्ट्र या बाबतीत फार पुढे नाही. ऊसतोड करणाऱ्या बाईला, बांधकामावरच्या मजुराला तेल कमी करा असं सांगणं चुकीचंच नाही, तर निष्ठुर आहे. त्यांच्यासाठी तेल ही सर्वांत स्वस्त ऊर्जा आहे. लहान मुलाच्या खिचडीत वरून चमचाभर तेल किंवा तूप घालणं हा पोषणाचा साधा नियम आहे आणि तो मोडू नये. हे सगळं मला मान्य आहे. पण मग यातून निघतं काय? सगळ्यांना एकच टक्का सांगू नका, हे निघतं. प्रत्येक घराने आपापलं मोजावं, हेही त्यातूनच निघतं. आधीच माणशी दिवसाला वीस ग्रॅमवर असलेल्या घराने काहीच करायचं नाही. साठ ग्रॅमवर असलेल्या घराने पुष्कळ करायचं आहे. आपण कोणत्या बाजूला आहोत हे न मोजता कसं कळणार? आणि या विषयावर तावातावाने बोलणारे आम्ही बहुतेक लोक कोणत्या बाजूला आहोत, हे सांगायला पाहणीची गरज नाही.

दुसरा आक्षेप राजकीय आहे आणि तोही मनावर घ्यावा असा आहे. सवयी बदला म्हणायचं आणि धोरणाची जबाबदारी झटकायची, ही सरकारांची जुनी युक्ती असते. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला. त्यात रवा आणि चणाडाळीबरोबर एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावर वीस टक्के मूळ आयात शुल्क लागलं, मे २०२५ मध्ये ते दहावर आलं. एवढ्या उलथापालथीत गृहिणीने कोणता हिशोब बसवायचा? पाकीटबंद पदार्थाच्या दर्शनी भागावर साखर-मीठ-चरबीचा स्पष्ट इशारा असावा, हा निर्णय वर्षानुवर्षं रेंगाळला आहे. शिवाय २०२२-२३ च्या घरखर्च पाहणीत खाण्यावरच्या खर्चातला सर्वांत मोठा भाग पेयं आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांचा निघाला, खेड्यांत आणि शहरांत दोन्हीकडे. फरसाण, बिस्किटं, वेफर्स यांतलं तेल घरच्या कॅनमध्ये मोजलं जातच नाही. आणि जिथे कायद्याने काम केलं तिथे ते झपाट्याने झालं: जानेवारी २०२२ पासून तेल आणि वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे हृदयाला घातक चरबीवर, दोन टक्क्यांची मर्यादा आली. घराघरांत जाऊन प्रबोधन करून हे कधी झालं असतं?

झालं नसतं. पण 'आधी सरकारने करावं' आणि 'आधी आपण करावं' अशी विभागणी इतिहासात टिकत नाही. १९७२ मध्ये मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरोधात स्त्रियांची आघाडी उभी राहिली आणि लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आल्या. त्या आंदोलनाचं बळ कशात होतं? महिन्याला किती तेल, किती साखर, किती रॉकेल लागतं हे त्या प्रत्येकीला तोंडपाठ होतं. मंत्र्याला अडवून दर विचारणारी बाई आधी घरात एकेक चमचा मोजत आलेली होती. त्याच वर्षी फिनलंडच्या उत्तर करेलिया भागात हृदयविकाराने मरणाऱ्या पुरुषांचं प्रमाण जगात वरच्या क्रमांकावर होतं, म्हणून पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली एक प्रकल्प सुरू झाला. तिथल्या गृहिणींच्या संघटनेने गावोगाव स्वयंपाकाचे कार्यक्रम घेतले, घरांनी लोणी आणि मीठ कमी केलं. मग मागणी बदलली तसं दूधवाल्यांनी कमी चरबीचं दूध आणलं, मांसाचे पदार्थ बनवणाऱ्यांनी चरबी आणि मीठ घटवलं, शासनाची धोरणं वळली. पुढच्या चार दशकांत तिथल्या कामकरी वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. यात घर पहिलं की सरकार, हे वेगळं काढून दाखवता येईल का? घरांनी हालचाल केली नसती तर कारखानदाराला बदलायचं कारणच नव्हतं.

पैशाबद्दल फुगवून सांगायचं कारण नाही. पाच लिटरवरून साडेतीनवर आलेल्या घराचे महिन्याला सव्वादोनशे रुपये वाचतात, वर्षाला सत्तावीसशे. त्यात घर उभं राहत नाही. पण माणशी दिवसाला शंभर कॅलरी कमी होतात, साधारण एका पोळीएवढ्या, आणि त्यासाठी भूक मारावी लागत नाही. बचत पक्की व्हावी असं वाटत असेल तर पिशवीवरचं वजन वाचायची सवयही सोबत लावा. एक लिटर तेलाचं वजन ९१० ग्रॅमच्या आसपास भरतं. हल्ली तशाच दिसणाऱ्या पिशव्या आठशे-साडेआठशे ग्रॅमच्याही येतात आणि भाव मात्र आपण लिटरचा म्हणून ताडून बघतो. तळलेलं तेल पुन्हापुन्हा तळायला वापरणं ही बचत नाही. ते काळवंडतं, फेसाळतं, त्यात नको ती द्रव्यं वाढत जातात. एकदा तळून उरलेलं तेल गाळून दोन दिवसांत भाजीला संपवावं, किंवा मुळात लहान कढईत थोडं तेल घेऊन तळावं, म्हणजे उरतच नाही.

एक गोष्ट या वादात बहुतेक पुरुष बोलतच नाहीत. 'सवय लावा' असं घराला सांगितलं जातं आणि काम पडतं ते स्वयंपाक करणाऱ्या बाईवर. कोरडं भाजा, वाफेवर शिजवा, मोजून घाला, आणि जेवणाच्या ताटावर बसलेल्याने म्हणायचं, आज भाजी कोरडी झाली. मग ती दुसऱ्या दिवशी पुन्हा धार सोडते, आणि तिला दोष देणं अन्यायाचं आहे. तेल तिच्या हाताने पडतं खरं, पण किती पडायचं हे खाणाऱ्यांच्या तोंडाकडे बघून ठरतं. म्हणून माझ्या मते पहिला बदल कढईत करायचाच नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला कॅन उघडला की त्यावर मार्करने तारीख लिहायची, आणि ते काम स्वयंपाक न करणाऱ्याने करायचं. चोचीचं भांडं बाजूला ठेवून तेल साध्या भांड्यात काढायचं आणि त्यात चमचा ठेवायचा. पहिला महिना काहीही कमी करायचं नाही, नुसतं किती गेलं ते बघायचं. दुसऱ्या महिन्यापासून अर्धा लिटर कमी आणायचं, कुणाच्या ताटाबद्दल अवाक्षर न काढता. जिभेला नव्या चवीची ओळख व्हायला काही आठवडे लागतात, मिठाच्या बाबतीतही हेच होतं. तेवढा काळ नावं न ठेवणं हा पुरुषांचा यातला वाटा.

आणि मोजणाऱ्या घरांनी मग बाहेर मागायला हवं. मिसळीच्या हॉटेलात तर्री वेगळ्या वाटीत मागा, कित्येक ठिकाणी ती तशी मिळतेच. कार्यालयाच्या कँटीनमध्ये रोजच्या नाश्त्याला एक उकडलेला किंवा वाफवलेला पदार्थ असावा हे लेखी सुचवा. पोहे-उपम्याच्या शेजारी ढोकळा, इडली, उकडलेल्या शेंगा ठेवायला कुणाला खास यंत्रणा लागत नाही. सणाचा शिधा पुन्हा कधी वाटला गेला तर पामतेल आणि साखरेचं प्रमाण घटवून त्या जागी शेंगदाणे आणि जास्त डाळ द्यावी, ही मागणी ग्रामसभेतही करता येते. शेंगदाण्यात तेल असतंच, त्याबरोबर प्रथिनंही येतात, आणि ते बरंचसं इथल्याच शेतातून येऊ शकतं.